विहिरीचा आकडा गावाला कळू द्या

प्रति,
मा. संपादक महोदय,

विषय : डिजिटल भूजल-मोजणी आणि गावाचा पाण्याचा ताळेबंद

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत डिजिटल तंत्रज्ञान, पर्यावरणरक्षण आणि शाश्वत विकास या विषयावर आलेला लेख वाचला. उपग्रह, सेन्सर, ड्रोन, कृत्रिम बुद्धिमत्ता अशी साधनांची मोठी यादी त्यात आहे आणि तीत चुकीचे काही नाही. तरीही लेख वाचून झाल्यावर दुष्काळी तालुक्यातल्या माझ्यासारख्या माणसाच्या मनात प्रश्न उरतो, की एवढे आकडे गोळा होतात ते शेवटी पोचतात कुणाकडे? हवा, जंगल, समुद्रकिनारे या विषयांवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. भूजलाविषयी मात्र चार गोष्टी पाहिलेल्या आहेत, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहितो.

मी सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागातील एका गावात राहतो. माध्यमिक शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालो आणि तेव्हापासून वडिलोपार्जित शेतीतल्या विहिरीचे पाणी महिन्यातून एकदा मोजण्याचा नाद लागला आहे. साधन अगदी साधे आहे. सुताच्या दोरीला खाली एक गोटा बांधला आहे आणि दर परसाला एक गाठ मारली आहे. परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची. आमच्याकडे ती सात फूट धरतात आणि विहीर अजूनही फुटांत नव्हे, परसांतच सांगतात. कठड्यावरून दोरी सोडायची, गोटा पाण्याला टेकल्याचा आवाज ऐकायचा, गाठी मोजायच्या आणि वहीत तारखेसह लिहायचे, एवढेच काम. या वहीकडे पाहून घरातले हसत असत. परंतु उन्हाळ कांद्याचे किती वाफे लावायचे हे गेली काही वर्षे आमच्या घरात ही वही ठरवते, आणि एप्रिलमध्ये उभे पीक करपण्याची पाळी त्यानंतर आमच्यावर आलेली नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या कुंपणालगत एक बोअर घेऊन त्यात पाण्याची पातळी आपोआप नोंदवणारे यंत्र बसवण्यात आले. बसवणाऱ्या खात्याचे नाव इथे घेत नाही, कारण माझी तक्रार खात्याविषयी नसून पद्धतीविषयी आहे. लोखंडी पाइप, त्यावर कुलूपबंद पेटी, पेटीवर पाटाएवढी सौर पट्टी आणि आत सिमकार्ड. हे यंत्र दिवसातून अनेक वेळा पातळी मोजते आणि परस्पर सर्व्हरकडे पाठवते. शाळेतली मुले मधल्या सुट्टीत पेटीच्या सावलीत बसतात. एकदा सातवीतल्या एका मुलीने मला विचारले, ‘सर, ही पेटी काय सांगते?’ मी म्हणालो, ‘पाणी किती खोल आहे ते.’ तिने लगेच विचारले, ‘कुणाला?’ मला उत्तर देता आले नाही. ग्रामसेवकांना विचारले, त्यांना ठाऊक नव्हते. संगणकावर शोधण्याचा प्रयत्न केला तेव्हा इंग्रजीतील नकाशा, त्यावर असंख्य ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याला केवळ सांकेतिक क्रमांक असे चित्र दिसले. त्यांतला आमच्या शाळेचा ठिपका कोणता, हे ओळखायला एक संध्याकाळ गेली. ज्या कांदा उत्पादकाने तो आकडा पाहून निर्णय घ्यायचा आहे, त्याच्याकडे अशी संध्याकाळ नसते.

मोजणी आपल्याकडे नवी नाही. १९७२च्या दुष्काळाने भूजलाचे महत्त्व सर्वांना शिकवले आणि राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा दशकानुदशके राज्यभरातील निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजत आली आहे. त्या विहिरींची संख्या चार हजारांच्या घरात आहे. पावसाळ्यानंतरची पातळी आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून कोणत्या तालुक्यात टंचाई भासेल याचा अंदाजही दिला जातो. हे काम मोलाचे आहे. परंतु त्याचा उपयोग मुख्यतः टँकरचे नियोजन करणाऱ्या प्रशासनाला होतो. टँकर लागूच नये म्हणून पिके बदलायची ती शेतकऱ्याने, आणि त्याला हा आकडा कळतो तो वर्तमानपत्रात ‘पातळी दोन मीटरने खालावली’ असा मथळा आल्यावर. तोवर पेरणी होऊन गेलेली असते.

आता नव्या साधनांची गोष्ट. माझ्या मते गावाच्या पाण्याचा हिशेब मांडायला चार आकडे लागतात आणि आज हे चारही आकडे डिजिटल स्वरूपात कुठे ना कुठे उपलब्ध आहेत. पाऊस किती पडला, हे महावेध प्रकल्पाच्या स्वयंचलित हवामान केंद्रांना ठाऊक असते. राज्यातील महसूल मंडळांत अशी दोन हजारांहून अधिक केंद्रे आहेत. जमिनीखाली पाणी किती चढले, हे पातळी नोंदवणाऱ्या पेट्यांना कळते. शेतात कोणते पीक किती क्षेत्रावर उभे आहे, हे ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये असते, कारण १५ ऑगस्ट २०२१पासून शेतकरी स्वतः शेतात उभा राहून पिकाचे छायाचित्र काढून ती नोंद करतो. आणि उपसा किती झाला, हे निदान सौर पंपांपुरते त्या पंपांना जोडलेल्या दूरनियंत्रण यंत्रणेला कळते. पाऊस एका खात्याकडे, पातळी दुसऱ्याकडे, पीक तिसऱ्याकडे, पंप चौथ्याकडे. एकाच गावाचे हे चार आकडे एका कागदावर आलेले मी आजवर पाहिलेले नाहीत. डिजिटल तंत्रज्ञानाने शाश्वत विकासाला हातभार लावायचा असेल तर पाचवे ॲप काढण्याआधी या चौघांची गावात एकदा गाठ घालून द्यावी, एवढेच माझे मागणे आहे.

त्याने काय साधेल, हे एका हिशेबाने सांगतो. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होते. हजार हेक्टरांच्या गावात पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तर आकाशातून पाचशे कोटी लिटर पाणी पडते. हा आकडा ऐकून ग्रामसभेत लोक एकमेकांकडे पाहतात, कारण एवढे पाणी असताना टंचाई कशी, हे कोणालाच उमगत नाही. परंतु त्यातले बरेच बाष्प होऊन जाते, बरेच ओढ्याने वाहून जाते आणि आमच्या काळ्या कातळात मुरते ते थोडेच. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भूभाग बेसाल्टचा आहे. या खडकात पाणी साठते ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत. साधारण दोन टक्के जागा पाण्याची धरली तर हजार हेक्टरांत पातळी एक मीटरने चढली याचा अर्थ वीस कोटी लिटर पाणी जमा झाले. आता हे वीस कोटी लिटर कशावर खर्च करायचे? ढोबळ मानाने त्यावर शंभर एकर उन्हाळ कांदा निघेल किंवा अडीचशे एकर हरभरा निघेल. पाटपाण्याने उसाला द्यायचे म्हटले तर ते पंचवीस एकरांत संपेल. जमीन, पिकाचे वाण, ठिबक यांप्रमाणे हे आकडे पुढेमागे होतील, हे मला मान्य आहे. परंतु ‘पातळी एक मीटर वाढली’ या वाक्याचा अर्थ ‘शंभर एकर कांदा’ असा कळला, की माणूस त्या पेटीकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतो. मीटरचे एकरांत भाषांतर करणे संगणकाला क्षणाचे काम आहे. ते कोणी करून देत नाही.

यात वेळेला फार महत्त्व आहे. आमच्याकडे उन्हाळ कांद्याचे उळे, म्हणजे रोपांसाठीचे बी, दसरा-दिवाळीच्या सुमारास टाकतात आणि रोपांची लागण डिसेंबर-जानेवारीत होते. एकदा उळे टाकले की शेतकरी बांधला गेला. रोप तयार असताना ‘पाणी कमी आहे, लावू नका’ असे सांगणे व्यर्थ असते. म्हणून पाण्याचा ताळेबंद उळे टाकण्याआधी गावापुढे यायला हवा. आमच्या गावात तो एकदा आला होता. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावून, वीस मिनिटांत, सत्तावीस पडद्यांतून तो दाखवण्यात आला. सादर करणाऱ्या तरुणाने मेहनत केली होती, त्याला दोष नाही. त्याच्या तक्त्याप्रमाणे गावात पाणी शिल्लक होते. मागे उभ्या असलेल्या एका वयस्क शेतकऱ्याने विचारले, ‘तुमच्या मशिनीत पाणी हाये, मग माझी मोटार दोन तासांत पाणी का तोडती?’ सभेत हशा पिकला आणि तो प्रश्न तिथेच राहिला.

वास्तविक तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. बेसाल्टमध्ये एका बोअरची पातळी साऱ्या गावाची पातळी ठरत नाही. वरच्या झिजलेल्या थरातील विहिरीचे पाणी आणि खालच्या भेगेत दाबाखाली असलेले बोअरचे पाणी ही दोन वेगळी खाती असू शकतात. जमिनीत उभा गेलेला डाईकचा, म्हणजे भिंतीसारख्या खडकाचा, पट्टा आडवा आला तर त्याच्या एका अंगाला पाणी तुंबते आणि दुसऱ्या अंगाला विहिरी कोरड्या पडतात. शाळेजवळची पेटी खालच्या थराची पातळी सांगत असेल आणि त्या शेतकऱ्याची विहीर वरच्या थरातली असेल, तर यंत्रही खरे आणि त्याची मोटारही खरी. पानाड्याने नारळ हातावर धरून पाण्याची म्हणून सांगितलेल्या जागेवर विश्वास ठेवू नये, असे मी आयुष्यभर मुलांना शिकवले. एका बोअरच्या आकड्यावरून हजार हेक्टरांचा निर्णय करणे हेही त्याच्या फार पुढे गेलेले नाही. यावर उपाय अवघड नाही. यंत्राच्या जोडीला गावातील पंधरा-वीस विहिरी ठरवून घ्याव्यात, त्या आमच्यासारख्यांनी दोरीने मोजाव्यात आणि ते आकडे त्याच नकाशावर चढवण्याची सोय मोबाइलवर मराठीत असावी. यंत्राचे सातत्य आणि माणसाची जागोजागची ओळख, दोन्ही लागतात.

पाऊस मोजण्यातही हीच अडचण आहे. एका महसूल मंडळात अनेक गावे असतात आणि आमच्या भागातला पाऊस शिंगाएवढा पडतो, म्हणजे बैलाचे एक शिंग भिजते आणि दुसरे कोरडे राहते. मंडळाच्या गावी साठ मिलिमीटर नोंदले गेले त्या दिवशी आमच्या शिवारात धुरळा उडत होता, असे एकदा नव्हे, अनेकदा झाले आहे. पीकविम्याच्या संदर्भात या विषयावर पुष्कळ वाद झाले आहेत, ते इथे काढत नाही.

जलसंधारणाच्या कामांतही तंत्रज्ञानाचा वापर झाला आणि तिथला अनुभव शिकण्यासारखा आहे. डिसेंबर २०१४मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले तेव्हा प्रत्येक कामाचे अक्षांश-रेखांशासह छायाचित्र ॲपवर चढवण्याची पद्धत आली आणि त्यासाठी नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राने यंत्रणा उभी केली. एकच बंधारा दोनदा दाखवून दोनदा बिल काढण्याचा जुना धंदा त्यामुळे कठीण झाला, हे खुल्या मनाने सांगितले पाहिजे. परंतु नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२० मध्ये जो अहवाल दिला त्यात, ९,६३३.७५ कोटी रुपये खर्च होऊनही गावे पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण करण्यात आणि भूजलपातळी वाढवण्यात या अभियानाचा परिणाम फारसा दिसला नाही, असा निष्कर्ष काढला. त्यावर राजकारण व्हायचे तेवढे झाले. माझ्या दृष्टीने त्यातला धडा साधा आहे. छायाचित्राने बंधारा त्या जागी आहे हे सिद्ध होते, त्यात पाणी थांबते की नाही हे सिद्ध होत नाही. आमच्या ओढ्यावरच्या एका बंधाऱ्याचे छायाचित्र मे महिन्यातले आहे. भिंत पांढरीशुभ्र, कडेला कामाचा फलक, मागे निळे आकाश. त्याच बंधाऱ्याच्या पायाखालून ऑक्टोबरात पाणी झिरपताना मी स्वतः पाहिले आहे. भिंतीच्या खालच्या अंगाला दहा पावलांवर ओल आली होती आणि तिथे बेडकांनी घर केले होते. त्या झिरपणाऱ्या पाण्याचे छायाचित्र कोणत्याही ॲपने मागितले नाही.

म्हणून प्रत्येक बंधाऱ्याचे काम संपल्यावरच्या एका छायाचित्राऐवजी पुढची पाच वर्षे दर ऑक्टोबरात एक आणि दर जानेवारीत एक छायाचित्र घेण्याची सक्ती असावी. मोठ्या पाझर तलावांसाठी तर तेवढेही करावे लागणार नाही. युरोपचे सेंटिनेल-२ हे उपग्रह दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून जातात, दहा मीटरचा एक ठिपका या बारकाईने चित्र घेतात आणि ती चित्रे कोणालाही फुकट मिळतात. पावसाळ्यात ढग आड येतात, पण आपल्याला हवे ते चित्र ऑक्टोबरनंतरचेच असते. कोणत्या तलावात पाणी मकरसंक्रांतीपर्यंत टिकले आणि कोणत्यातले दिवाळीतच गेले, हे महाविद्यालयातील मुलेही काढून दाखवू शकतील. ओढ्यावरच्या अरुंद बंधाऱ्यात मात्र असे एक-दोनच ठिपके बसतात, तेव्हा तिथे पायी जाण्याला पर्याय नाही.

उपग्रहांचे सामर्थ्य मी कमी लेखत नाही. मार्च २००२मध्ये अमेरिका आणि जर्मनी यांनी सोडलेल्या ग्रेस या उपग्रहांच्या जोडीने पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म फरकांवरून भूजलाची घट मोजली, आणि २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पंजाब, हरियाणा, राजस्थान व दिल्ली या पट्ट्यातून ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात १०९ घन किलोमीटर भूजल नाहीसे झाल्याचे जगाला कळले. वर्गात हे सांगताना मला स्वतःलाही थक्क व्हायला होई. पण अशा उपग्रहांना शेकडो किलोमीटरचा पट्टा एकत्रच दिसतो. त्यांना पंजाब दिसतो, माझे गाव दिसत नाही. देशाचे धोरण ठरवायला ते पुरेसे आहेत. उळे किती टाकायचे हे ठरवायला नाहीत.

या साऱ्यात सर्वांत दुबळी बाजू उपशाची आहे. देशात उपसल्या जाणाऱ्या भूजलापैकी सुमारे ८७ टक्के सिंचनाला जाते, आणि नेमके तेच आपण मोजत नाही. राज्यात शेतीपंपांचे लाखो ग्राहक मीटरविना, अश्वशक्तीवर बिल आकारले जाणारे आहेत. एप्रिल २०२४पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज मिळू लागली. रात्री-अपरात्री साप-विंचवांच्या भीतीने पाणी भरणाऱ्या शेतकऱ्याला सवलत मिळाली याचा मला आनंद आहे आणि सौर पंपाने त्याची रात्र वाचवली याचा तर अधिकच. तथापि दिवसभर फुकट चालणारा पंप बंद करण्याचे कारण शेतकऱ्यापाशी उरत नाही. त्यात शेततळ्याला प्लास्टिक अंथरून ते पावसाच्या नव्हे, विहिरीच्या पाण्याने भरून ठेवण्याची रीत बागायती भागात रुळली आहे. जमिनीखालचे पाणी वर काढून उन्हात वाफ व्हायला ठेवायचे, असा हा प्रकार. सौर पंप किती तास चालला आणि अंदाजे किती पाणी उपसले, ही माहिती केंद्राच्या योजनेत बसवलेल्या पंपांतून पाठवण्याची सोय केलेली आहे. आज तिचा उपयोग प्रामुख्याने पंप चालू आहे की बिघडला, हे पाहण्यापुरता होतो. गावातील सर्व सौर पंपांच्या उपशाची महिन्याची एकत्र बेरीज ग्रामपंचायतीला मिळाली, तर ताळेबंदातील खर्चाची बाजू प्रथमच अंदाजाऐवजी मोजणीवर उभी राहील.

इथे मला एका भीतीची नोंद केली पाहिजे, कारण ती रास्त आहे. ‘आज मोजतील, उद्या पाणीपट्टी लावतील, परवा पंप बंद करतील’ असे आमच्या पारावर सरसकट बोलले जाते. म्हणून उपशाचा आकडा नावानिशी जाहीर करू नये, केवळ गावाची किंवा पाणलोटाची बेरीज जाहीर करावी. कायद्याचा धाक दाखवण्याचे दिवस तसेही नाहीत. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा जून २०१४पासून लागू आहे. त्यात विहिरींच्या नोंदणीची तरतूद आहे, साठ मीटरपेक्षा खोल नव्या विहिरींना शेती व उद्योगासाठी मनाई आहे आणि भूजलाच्या उपलब्धतेवर आधारित पीक आराखड्याचीही कल्पना आहे. आमच्या शिवारात मात्र पाचशे-सहाशे फुटांचे बोअर घेणाऱ्या गाड्या दर उन्हाळ्यात रात्रंदिवस घरघरत असतात आणि सकाळी रस्त्यावर पांढऱ्या भुकटीचा थर दिसतो. ती भुकटी पाहून कोणाच्या शेतात किती खोल गेले, हे गावाला ॲपशिवाय कळते.

तंत्रज्ञानाशिवाय हे साधलेली उदाहरणे आपल्याकडे आहेत. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला आणि पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या प्रमाणात वाटण्याचे तत्त्व मांडले. हिवरे बाजारात पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने गावाने पावसाचा आकडा पाहून रब्बीची पिके ठरवण्याची, सिंचनासाठी बोअर न घेण्याची आणि ऊस-केळी न लावण्याची शिस्त स्वतःला लावून घेतली. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील सात दुष्काळी जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीच पर्जन्यमापक आणि विहिरींची पातळी मोजून पिकांचा ताळेबंद मांडण्याचा मोठा प्रयोग या शतकाच्या पहिल्या दशकात झाला. तिथे गावातल्या भिंतीवर रंगाने आकडे लिहिले जात. या सर्व ठिकाणी आकडा मोजणारा, वाचणारा आणि त्यावरून निर्णय घेणारा हे एकाच गावचे होते. आमच्या शाळेजवळच्या पेटीने मोजणारा बदलला, तो अधिक अचूक झाला, न थकणारा झाला. परंतु वाचणारा गावाबाहेर गेला.

असे होऊ नये, हे योजना आखणाऱ्यांनाही ठाऊक असले पाहिजे. डिसेंबर २०१९मध्ये सुरू झालेल्या सहा हजार कोटी रुपयांच्या अटल भूजल योजनेत महाराष्ट्रासह सात राज्ये होती, आणि राज्यांना प्रोत्साहन निधी देण्याच्या निकषांत भूजलाची माहिती जनतेला जाहीर करणे हा निकष सुरुवातीलाच होता. निकष पुरा झाला की नाही हे संकेतस्थळावर आकडा चढला की नाही यावरून ठरत असेल, तर तो पुरा होतच असणार. मला वाटते, जाहीर करणे याचा अर्थ दूध संकलन केंद्राच्या दारावर, जिथे रोज सकाळी सहा वाजता दीडशे माणसे किटल्या घेऊन उभी असतात, तिथे खडूने लिहिणे असा धरावा. फॅट आणि एसएनएफ हे दुधाची प्रत सांगणारे आकडे आमच्या निरक्षर आजीबाईही दुधाच्या पावतीवरून घडाघडा वाचतात, कारण त्यांवर त्यांचे पैसे ठरतात. पाण्याचा आकडाही तशाच जागी आणि तशाच भाषेत आला तर तो वाचला जाईल.

खर्चाचे म्हणाल, तर नवीन यंत्रे मागायची गरज नाही. आहेत ती चालती ठेवावीत. आमच्या पेटीवरच्या सौर पट्टीवर कावळ्यांच्या विष्ठेचा थर साचला आहे. तो पुसायला कुणाला सांगावे, पेटीला हात लावला तर गुन्हा होईल की काय, हे कोणाला माहीत नाही. बॅटरी बदलायची कुणी, जुनी टाकायची कुठे, हेही नाही. वर्षाकाठी हजार-पाचशे रुपये मानधनावर गावातल्याच एखाद्या आयटीआय झालेल्या मुलाकडे ती सोपवली तर तो ती आरशासारखी ठेवील आणि दर पंधरवड्याला आकडा फळ्यावरही लिहील.

शेवटी एक विनंती आपल्याच वर्तमानपत्राला. जुलैपासून आपण रोज पहिल्या पानावर धरणांच्या पाणीसाठ्याची चौकट छापता. गंगापूर किती टक्के, भंडारदरा किती, जायकवाडी किती, हे आमच्या गावातले लोक चहाच्या टपरीवर मोठ्याने वाचतात, जरी त्या धरणांचे थेंबभर पाणी आमच्या शिवारात येत नसले तरी. राज्यातील सिंचित क्षेत्रापैकी निम्म्याहून अधिक विहिरींवर भिजते, पण विहिरींची अशी चौकट कोठेच नसते. यंदा ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, उळे टाकण्याआधी, प्रत्येक तालुक्याची भूजलपातळी गेल्या वर्षीच्या आकड्यासह त्याच जागी छापावी. संबंधित खात्याकडे ती मागावी; मिळाली नाही तर तालुका रिकामा ठेवून चौकट तशीच छापावी. आमच्या गावापुरता आकडा मी दरवर्षी कळवत जाईन. गेल्या ३१ ऑक्टोबरला माझ्या सात परसांच्या विहिरीत कठड्यापासून पाणी अडीच परसांवर होते, त्याआधीच्या वर्षी त्याच तारखेला ते पावणेचार परसांवर होते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक व वाचक
ता. सिन्नर, जि. नाशिक